कुत्रा कुणाचा, जबाबदारी कुणाची?

वाचकहो, कुत्रा हा माणसाचा फार जुना सोबती. तो वावर राखतो, गोठा राखतो. रात्री अनोळखी माणूस गावात शिरला तर आधी कुत्रा भुंकतो, मग माणसे जागी होतात. उरलीसुरली भाकर खाऊन तो बारा महिने इमान राखतो.

पण ह्याच कुत्र्याची दुसरी बाजूही आहे. शाळेच्या वाटेवर पाच-सहा कुत्री टोळी करून बसली, की लहान मुले भितात. एखाद्याच्या शेळीचे करडू फाडले जाते. सायकलवरचा माणूस पडतो. आणि पिसाळलेला कुत्रा चावला व वेळेवर लस घेतली नाही, तर माणूस हातचा जातो. २०२४ ह्या एका वर्षात आपल्या देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून जास्त घटना सरकारदरबारी नोंदल्या गेल्या. नोंदल्या न गेलेल्या वेगळ्याच.

मग करावे काय? पारावर हा विषय निघाला की तीन मते ऐकू येतात. एक म्हणतो, "मारून टाका सगळी." दुसरा म्हणतो, "मुकं जनावर आहे, राहू द्या." तिसरा शहरात जाऊन आलेला असतो. तो म्हणतो, "काही विलायती जातीच वाईट असतात. त्यांच्यावर बंदी घाला, म्हणजे झालं."

ह्या तिन्ही मतांचा विचार आम्ही ह्या पाठात करणार आहोत. नियम हवा का? हवा तर तो कुणी करावा? आणि तो टिकावा कसा? शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोठा आहे, बरं का!

आपला कारभार आपल्या हाती

गावाचा दिवा, गावाचे पाणी, गावाची नाली, गावाची साफसफाई, ही कामे दिल्लीत बसून होत नाहीत. ती गावानेच करायची असतात. त्यासाठी गाव आपली माणसे निवडून देते. ह्यालाच स्थानिक स्वराज्य म्हणतात. स्थानिक म्हणजे ह्या जागेचे. स्वराज्य म्हणजे आपले राज्य.

नागपूर शहरात १८६४ साली नगरपालिका आली. १९५१ साली तिची महानगरपालिका झाली. खेड्यांसाठी १९५८ साली ग्रामपंचायतीचा कायदा झाला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद आणि पंचायत समित्या कामाला लागल्या. १९९३ पासून तर पंचायतीला देशाच्या राज्यघटनेतच पक्की जागा मिळाली. आता कुणाच्या मर्जीवर पंचायत अवलंबून नाही.

कुत्र्यांचा प्रश्न हाही गावाच्या, शहराच्या रोजच्या कारभाराचाच भाग आहे. कुठल्या गल्लीत कुत्री जमतात, मेलेले जनावर कुठे टाकले जाते, कुणाचा कुत्रा मोकळा सुटतो, हे गावालाच ठाऊक असते. म्हणून भटक्या कुत्र्यांची नसबंदी करणे आणि त्यांना लस टोचणे, हे काम कायद्याने स्थानिक संस्थेकडे दिले आहे. शहरात महानगरपालिका, गावात पंचायत.

मुंबईची जुनी गोष्ट

कुत्र्यांविषयीचा हुकूम लोकांना न विचारता काढला, तर काय होते? ह्याची एक जुनी गोष्ट ऐका. ही गोष्ट १८३२ सालची, म्हणजे इंग्रज कंपनीच्या राज्यातली.

मुंबईत मोकाट कुत्री फार झाली, म्हणून सरकारने ती मारण्याचा हुकूम दिला. एका कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवले. त्या काळी आठ आणे म्हणजे मोठी रक्कम. मग काय! बक्षिसाच्या लोभाने शिपाई दिसेल ते कुत्रे धरू लागले. घरात शिरून पाळलेली कुत्रीही ओढून नेतात, अशी ओरड झाली.

पारशी लोकांच्या धर्मात कुत्र्याला मान आहे. ते चिडले. जून महिन्यात दंगल झाली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला. हिंदू, जैन, मुसलमान लोकही पारशांना मिळाले. शेवटी सरकारला पलटण बोलवावी लागली.

ह्या गोष्टीतून काय दिसते? मोकाट कुत्र्यांचा त्रास खोटा नव्हता. पण हुकूम वरून आला. ज्यांच्या दारात तो बजावायचा होता, त्यांना कुणी विचारले नाही. म्हणून त्रास राहिला बाजूला, आणि दंगलच उभी राहिली.

नागपूरचे प्रकरण

आता आपल्या नागपूरकडे येऊ. शहरातल्या मोकाट कुत्र्यांच्या त्रासाचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे चालले होते. २० ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायालयाने हुकूम दिला. नागपुरात कुणीही रस्त्यावर, बागेत किंवा इतर सार्वजनिक जागी मोकाट कुत्र्यांना खाऊ घालू नये. ज्याला खाऊ घालायचे असेल, त्याने ते कुत्रे रीतसर आपले म्हणून घरी न्यावे आणि महानगरपालिकेत त्याची नोंद करावी. नियम मोडणाऱ्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड करावा.

शहरात दोन तट पडले. एक तट म्हणाला, "बरे झाले. खाऊ घालणारे घालून निघून जातात, आणि चावे आमच्या मुलांना बसतात." दुसरा तट म्हणाला, "भुकेल्या जनावराला तुकडा टाकणे हा काय गुन्हा झाला?"

प्रकरण दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या न्यायालयाने सांगितले, की खाऊ घालणाऱ्याने कुत्रा घरी नेलाच पाहिजे, अशी सक्ती करता येणार नाही. दंडाची सक्तीही थांबवली. पण खाऊ घालणाऱ्यांनाही मोकळे सोडले नाही. इतरांना त्रास होऊ नये, असे बजावले. आणि महानगरपालिकेला सांगितले, की खाऊ घालण्यासाठी योग्य जागा ठरवून द्या.

वाचकहो, येथे जरा थांबा. कोणत्या गल्लीत, कोणत्या कोपऱ्यावर कुत्र्याला भाकर टाकावी, हे ठरवायला प्रकरण दिल्लीपर्यंत जावे लागले! खरे तर हे काम मोहल्ल्यातल्या लोकांनी आणि त्यांच्या नगरसेवकाने एकत्र बसून करायचे. पण त्या वेळी नागपूरला नगरसेवकच नव्हते. त्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती. पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या काळात सरकारने नेमलेल्या प्रशासकाने कारभार पाहिला. न्यायालय वाद मिटवू शकते. पण रोज सकाळी मोहल्ल्यात येऊन कुत्री मोजू शकत नाही.

तेवीस जातींची बंदी

आतापर्यंत मोकाट कुत्र्यांची गोष्ट झाली. आता पाळलेल्या कुत्र्यांकडे वळू. पिटबुल, रॉटवायलर अशी विलायती नावे तुम्ही ऐकली असतील. काही जाती पूर्वी झुंजीसाठी किंवा राखणीसाठी तयार केल्या गेल्या. त्यांचा जबडा बळकट असतो. अशा कुत्र्यांनी माणसांवर हल्ले केल्याच्या बातम्या येऊ लागल्या. जुलै २०२२ मध्ये लखनौला एका म्हाताऱ्या बाईला तिच्या घरच्याच पिटबुलने मारले. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या गाझियाबाद महानगरपालिकेने पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो ह्या तीन जाती नव्याने पाळण्यास बंदी केली.

मग १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारने सगळ्या राज्यांना एक परिपत्रक धाडले. तेवीस जातींची यादी दिली. ह्या जातींची कुत्री परदेशातून आणू नयेत, विकू नयेत, त्यांची पैदास करू नये. स्थानिक संस्थांनी ती पाळण्याचा परवाना देऊ नये. ज्यांच्याकडे आधीपासून आहेत, त्यांनी त्यांची नसबंदी करावी.

पण महिन्याभरातच, एप्रिल २०२४ मध्ये, कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरवले. कारण काय? ज्यांचा ह्या गोष्टीशी संबंध आहे, त्यांचे म्हणणे सरकारने ऐकूनच घेतले नव्हते. मे महिन्यात केंद्र सरकारने लोकांकडून सूचना आणि हरकती मागवल्या.

बघा, १८३२ साली जी चूक झाली, तीच थोडीफार पुन्हा झाली. आधी हुकूम, मग विचारणा! भीती खरी असली, हेतू चांगला असला, तरी न विचारता केलेला नियम लंगडा राहतो.

दोन्ही बाजू ऐकू या

जातीवर बंदी घाला म्हणणाऱ्यांचे म्हणणे असे, की गावठी कुत्रा चावला तर जखम होते, पण बळकट जबड्याचा कुत्रा चावला तर जीव जातो. म्हणून अपघात होईपर्यंत वाट पाहू नये. ह्यात तथ्य आहे.

बंदी नको म्हणणाऱ्यांचे म्हणणे असे, की सगळा दोष जातीचा नसतो. कुत्र्याला दिवसभर आखूड साखळीने बांधून ठेवले, मारले, चिडवले, तर कोणत्याही जातीचा कुत्रा चावरा होतो. शिवाय मिश्र जातीचा कुत्रा नुसता पाहून कोण ओळखणार? आणि खेड्यात तर बहुतेक चावे गावठी कुत्र्यांचेच असतात. त्यांचे नाव त्या यादीत नाहीच. ह्यातही तथ्य आहे.

दुसऱ्या देशांनी काय केले? इंग्लंडने १९९१ साली कायदा करून चार जातींवर बंदी घातली. तरी हल्ले थांबले नाहीत, म्हणून २०२३ साली तेथे आणखी एका जातीची भर पडली. नेदरलँड्स देशाने १९९३ साली पिटबुलवर बंदी घातली होती. चावे कमी झाल्याचे दिसले नाही, म्हणून २००८ साली ती उठवली. म्हणजे नुसती नावांची यादी करून काम भागत नाही, असे दिसते.

कायदा मालकाला काय सांगतो?

यादी असो वा नसो, एक कायदा आजही लागू आहे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका आहे, हे ठाऊक असून किंवा निष्काळजीपणाने जो बंदोबस्त करत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमात तसे सांगितले आहे. येथे कुत्र्याची जात विचारलेली नाही. मालकाची काळजी विचारली आहे.

भटक्या कुत्र्यांसाठी २०२३ साली नवे नियम झाले. कुत्री धरावी, त्यांची नसबंदी करावी, पिसाळरोगाची लस टोचावी, आणि जेथून धरली तेथेच सोडावी. लोक विचारतात, "तेथेच सोडायची, तर धरली कशाला?" त्याचे कारण असे. कुत्री दूर नेली तरी उकिरडा तेथेच राहतो. त्या खाण्यावर दुसरी कुत्री येतात, लस नसलेली. उलट नसबंदी झालेली कुत्री आपली जागा राखतात आणि नव्यांना येऊ देत नाहीत. एक कुत्री वर्षातून एक-दोनदा विते, एका खेपेला चार-सहा पिल्ले देते. नसबंदीने ही वाढ थांबते.

मात्र शाळा, दवाखाने, बसस्थानके अशा जागांसाठी सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी वेगळा हुकूम दिला. तेथून कुत्री हलवावी आणि पुन्हा तेथे सोडू नयेत, असे त्यात सांगितले. ह्या विषयावर हुकूम बदलत असतात. म्हणून ठराव करण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याने पंचायत समितीत ताजा नियम विचारून घ्यावा.

कुत्र्यांना विष घालणे हा मात्र गुन्हा आहे. शिवाय विषाचा तुकडा कुणाची गाय खाईल, कुणाचे लेकरू तोंडात घालील, ह्याचा नेम नाही.

समजा, आपल्या गावात ग्रामसभा भरली

ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावीच लागते. गावातला प्रत्येक मतदार तिचा सभासद असतो. सभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसे, ह्यांपैकी जो आकडा कमी असेल, तितकी तरी हजर हवीत. हिशेब करून पाहा. गावात ४०० मतदार असतील तर ६० माणसे पुरतात. १२०० असतील तर १०० माणसे पुरतात. ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभाही घ्यायची असते. लेकरांना शाळेत त्याच सोडतात. त्यांना ह्या प्रश्नाची माहिती जास्त.

समजा, काटोलकडच्या एका गावात अशी सभा भरली आहे. विषय आहे कुत्र्यांचा.

एक म्हातारेबाबा म्हणाले, "आमच्या वेळी पिसाळलं कुत्रं दिसलं, की पोट्टे काठ्या घेऊन धावत. आताही तसंच करा ना जी."

अंगणवाडीताई म्हणाल्या, "बाबाजी, पिसाळलेलं दिसेपर्यंत ते चार जणांना चावून मोकळं होते. आधीच लस टोचली तर ते पिसाळणारच नाही."

एका संत्र्याच्या बगीचावाल्याने हात वर केला. "माझी कुत्री रात्री रानडुकरं हाकलतात. बांधून ठेवली तर वावर कोण राखील?"

एका तरुणाने शहरातून मोठा विलायती कुत्रा आणला होता. तो म्हणाला, "माझा कुत्रा आजवर कोणाला चावला नाही. सगळे त्याच्याकडेच बोट काऊन दाखवता?"

तेव्हा मागे बसलेली एक बाई उठली. तिचे घर त्याच्या घराला लागून होते. ती म्हणाली, "भाऊ, तुझा कुत्रा वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तो दारात मोकळा असते, म्हणून माझी पोरगी दोन महिन्यांपासून लांबून शाळेत जाते. तो चावेल तेव्हाच तू त्याला बांधशील का?"

सभा गप्प झाली. मग सरपंचबाई बोलल्या. "कोणता कुत्रा कोणत्या जातीचा, हे आपल्यापैकी कोणीच सांगू शकत नाही. त्यावर भांडत बसलो तर रात्र होईल. पण कुत्र्याला दोर आहे का, लस टोचली का, मालक सोबत आहे का, हे तर पोट्टंही सांगेल. जे सगळ्यांना दिसते, त्याचाच नियम करू."

बगीचावाल्याचे ऐकून घेतले, म्हणून वावरातल्या कुत्र्यांना रात्री मोकळीक मिळाली. शेजारच्या बाईचे ऐकून घेतले, म्हणून गावातल्या रस्त्यावर दोर सक्तीचा झाला. त्या तरुणानेही मान हलवली, कारण नियम त्याच्या एकट्यावर नव्हता. सगळ्यांवर सारखा होता. ठराव असा झाला :

१. पाळलेल्या प्रत्येक कुत्र्याची पंचायतीच्या वहीत नोंद करावी. मालकाचे नाव आणि लसीची तारीख लिहावी.

२. गावात कुत्रा मोकळा सोडू नये. दोर धरूनच बाहेर न्यावा. मोठ्या, जोरकस कुत्र्याच्या तोंडाला मुसके बांधावे.

३. वावरात राखणीचा कुत्रा रात्री मोकळा राहू शकतो. पण पायवाटेच्या बाजूला मालकाने कुंपण करावे.

४. वर्षातून एकदा जनावरांच्या दवाखान्याशी ठरवून सगळ्या कुत्र्यांना लस टोचण्याचा दिवस ठेवावा. दहापैकी निदान सात कुत्र्यांना लस मिळाली, तर गावात पिसाळरोग पसरत नाही.

५. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीसाठी पंचायत समितीकडे लेखी मागणी करावी.

६. मेलेले जनावर पुरावे. मटणाच्या दुकानाची घाण उघड्यावर टाकू नये. शाळेजवळ कुत्र्यांना खाऊ घालू नये. त्यासाठी गावाबाहेर एक जागा ठरवावी.

७. कुत्रा चावल्याची प्रत्येक घटना वहीत लिहावी. पुढच्या ग्रामसभेत ती वही वाचून दाखवावी.

सातवे कलम साधे दिसते, पण सगळ्यांत मोलाचे तेच आहे. वही वाचली की नियम पाळला जातो की नाही, ते उघड होते. चावे कमी झाले तर नियम चांगला. नाही झाले तर नियम बदला. नियम गावाने केला आहे, बदलणेही गावाच्याच हाती आहे.

कुत्रा चावला तर

ठराव होईल तेव्हा होईल. पण चावा आजही बसू शकतो. म्हणून हे पाठच करून ठेवा :

जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. मिरची, चुना, हळद, तेल काही लावू नये. मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. तेथे लस मिळते. पूर्वी पोटात चौदा सुया घ्याव्या लागत. आता तसे नाही. थोड्याच सुया लागतात, त्याही दंडात. डॉक्टर सांगतील त्या तारखांना सगळ्या सुया घ्याव्या, एकही चुकवू नये. जखमेतून रक्त आले असेल, तर जखमेतही औषध टोचून घ्यावे लागते. ते डॉक्टरांना विचारावे. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस बहुधा वाचत नाही. म्हणून उशीर नको. मार बसेल ह्या भीतीने मुले चावा लपवतात. त्यांना आधीच सांगून ठेवा, की कुत्रा चावला तर घरी येऊन सांगायचे, कुणी रागावणार नाही.

शेवटचे सांगणे

आम्ही कुणाची बाजू घेऊन लिहीत नाही. मुलाचा जीव मोठाच आहे, आणि मुक्या जनावरावर दया हवीच. पण दया करणाऱ्याने लस टोचून घ्यावी, आणि कुत्रा पाळणाऱ्याने दोर हाती ठेवावा. मतभेद असतील तर ते पारावर भांडून मिटत नाहीत. ते ग्रामसभेत मांडावे, वहीत लिहावे. तुम्हाला आता लिहिता-वाचता येते. पुढच्या ग्रामसभेची नोटीस स्वतः वाचा. सभेला जा. गावाच्या वहीत काय लिहिले आहे, ते वाचून दाखवायला सांगा. चुकीचे वाटले तर उठून बोला.

शब्दांचे अर्थ

खंडपीठ – उच्च न्यायालयाची दुसऱ्या शहरातली शाखा
परिपत्रक – सरकारने सगळ्यांना धाडलेले सूचनेचे पत्र
हरकत – नापसंती, आक्षेप
प्रशासक – निवडून न आलेला, सरकारने नेमलेला कारभारी
नसबंदी – पिल्ले होऊ नयेत म्हणून केलेली शस्त्रक्रिया

प्रश्न

१. १८३२ साली मुंबईत दंगल का झाली?
२. तेवीस जातींचे परिपत्रक कर्नाटकच्या न्यायालयाने का रद्द केले?
३. तुमच्या गावात ९०० मतदार आहेत. ग्रामसभेला निदान किती माणसे हवीत?
४. जातीवर नियम करणे आणि मालकावर नियम करणे, ह्यांत तुम्हाला काय पटते? का?
५. तुमच्या गल्लीतली कुत्री मोजा. त्यांपैकी किती पाळलेली आहेत, आणि कितींना लस टोचली आहे, ते लिहून आणा.